यादी ‘स्ट्रेन’ची, नावं मात्र स्पीशीजची

जवाहरनगरच्या एखाद्या मेडिकलमध्ये जा आणि ‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या फूड सप्लिमेंटचा डबा उलटून बघा. जिवाणूचं नाव किती भागांत दिलंय? पहिले दोन भाग म्हणजे जीनस आणि स्पीशीज. त्यापुढची अक्षरं किंवा आकडे असतील, तर तो स्ट्रेन. आज बोलायचंय ते या तिसऱ्या भागाबद्दल.

ई. कोलाय घ्या. त्याचा ‘निसल १९१७’ हा स्ट्रेन जर्मनीत प्रोबायोटिक म्हणून वापरतात. त्याच स्पीशीजमधला ‘ओ१५७:एच७’ मात्र रक्ताचे जुलाब लावतो, मूत्रपिंडं निकामी करू शकतो. म्हणून ‘अमुक स्पीशीज सुरक्षित आहे’ एवढंच म्हणणं अर्धवट ठरतं.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत चोख आहेत. स्ट्रेन जनुकीय चाचणीने ओळखा, कल्चर कलेक्शनमध्ये जमा करा, त्याची प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकते का ते तपासा. पण ही झाली तत्त्वं. कायद्याचं बळ आलं ते एफएसएसएआयच्या २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांनी. त्यांची सातवी अनुसूची वाचा. मथळा ‘स्ट्रेनची यादी’ असा. खाली मात्र लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, बॅसिलस कोअॅग्युलन्स अशी स्पीशीजची नावं. गंमत म्हणजे लेबलवर हेच नियम स्ट्रेन मागतात!

तुम्ही म्हणाल, हजारो स्ट्रेनची यादी कोण करणार? रास्त आहे. युरोपातली ईएफएसएसुद्धा २००७ पासून स्पीशीजचीच यादी ठेवते. पण यादीत नाव असलं, तरी प्रत्येक स्ट्रेनची प्रतिजैविक-प्रतिकाराची तपासणी तिथे वेगळी करावी लागते. आपल्या अनुसूचीत अशी अट त्या नावांशेजारीच हवी होती.

हा शब्दांचा कीस नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मुदतपूर्व जन्मलेल्या एका बाळाच्या मृत्यूची माहिती दिली. बाळाला प्रोबायोटिक दिलं होतं. रक्तातला बिफिडोबॅक्टेरियम लाँगम आणि उत्पादनातला जिवाणू एकच, हे जनुकक्रम जुळवून कळलं. नुसत्या स्पीशीजच्या नावावर हे सिद्ध झालं नसतं. निरोगी माणसाला सहसा धोका नसलेला जिवाणू अशा बाळाला झेपत नाही, हेही लक्षात ठेवा.

तेव्हा प्रोबायोटिकवरचा पेपर वाचताना आधी ‘मटेरियल्स’ विभागात स्ट्रेन शोधा. एका स्ट्रेनचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवलेला दिसला, की तिथेच थांबा. कदाचित तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडेल.