बग की आपलं नशीब?

'फुटबॉल मॅनेजर' खेळणाऱ्या प्रत्येकाने हा सामना एकदा तरी पाहिलेला असतो. आपल्या टीमचे २० शॉट, गोल एकही नाही. समोरच्यांचा एक कॉर्नर, एक हेडर, आणि ०-१. रात्रीचा दीड वाजलेला. तोंडातून पहिला शब्द निघतो 'बग'. दुसरा शब्द इथे छापता येणार नाही.

जरा हिशोब करून बघू. गोल होण्याची शक्यता सांगणारा 'एक्सजी' हा आकडा आता गेममध्येच दिसतो. समजा आपले वीसही शॉट लांबून, गर्दीतून मारलेले, प्रत्येकी ०.०५ चे आहेत. बेरीज होते १. म्हणजे एक गोल आपल्या हक्काचा, असं आपण धरून चालतो. पण ०.९५ चा २० वा घात काढला की उत्तर येतं साधारण ०.३६. असे १०० सामने खेळलात, तर त्यातल्या सुमारे ३६ सामन्यांत आपली पाटी कोरीच राहणार. इंजिनचं काहीही चुकलेलं नाही. मैदानावरही हे होतंच. ७ नोव्हेंबर २०१२ रोजी ग्लासगोत सेल्टिकने बार्सिलोनाला २-१ असं हरवलं, तेव्हा चेंडू बहुतेक वेळ बार्सिलोनाकडेच होता. मेसीकडे जुना सेव्ह उघडायची सोय नव्हती.

मला हा गेम आवडतो तो याचसाठी. तो अन्यायसुद्धा प्रामाणिकपणे उभा करतो. खेळाडूंचे गुण १ ते २० मध्ये दाखवतो, पण सातत्य, मोठ्या सामन्यातला खेळ, दुखापतीची प्रवृत्ती हे आकडे झाकून ठेवतो. ते योग्यच आहे, खऱ्या मॅनेजरला तरी ते कुठे दिसतात? पण तक्रारही इथेच आहे. झाकलेल्या डिझाइनच्या आड चूकही लपू शकते. 'फुटबॉल असंच असतं' हे उत्तर दोन्हींना चालून जातं.

मग ओळखायचं कसं? निकालावरून तर नक्कीच नाही. डिफेंडरने एकदा चेंडू सोडला, तर त्याची एकाग्रता कमी पडली असेल. पण तोच सेव्ह दहा वेळा चालवून बघा, टीम बदला, डावपेच बदला. तरीही प्रत्येक डिफेंडर पायाशी आलेल्या चेंडूकडे बघत उभा राहत असेल, तर ते फुटबॉल नव्हे. आणखी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारायचा: हेच समोरच्या टीमचं झालं असतं, तर मी तक्रार केली असती का?

कधीकधी दोन्ही खाने अपुरे पडतात. 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२' मध्ये टो मादेइरा नावाचा पोर्तुगीज स्ट्रायकर गोलांचा पाऊस पाडायचा. खऱ्या फुटबॉलमध्ये असा स्ट्रायकरच नव्हता. कोड बरोबर चालला होता, त्याला दिलेली माहिती खोटी होती.

हे सगळं मी शिकलो ते मात्र ऑफिसात. एका अकाउंटंट मॅडमनी कळवलं की महिनाअखेरच्या बेरजेत काही पैशांचा फरक येतो. मी 'सिस्टीम अशीच चालते' असं लिहून तिकीट बंद केलं. त्यांनी पुन्हा कळवलं, मी पुन्हा बंद केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी, प्रत्येक पायरी आणि प्रत्येक वेळचा फरक मांडून पाठवला. राउंडिंगची चूक होती, आणि कोड माझाच होता.

रात्री गेममध्ये हरलो की मी पुरावा न बघता 'बग' म्हणायचो, आणि सकाळी ऑफिसात पुरावा न बघता 'डिझाइन' म्हणायचो. दोन्हीकडे चूक दुसऱ्याचीच. त्या मॅडम फुटबॉल मॅनेजर खेळत नसाव्यात. खेळल्या तर माझ्यापेक्षा चांगल्या खेळतील.