‘मान्सून’चे अर्थांतर

‘मान्सून’ हा इंग्रजी शब्द मराठी गद्यात आता पावसाळ्याचा प्रतिष्ठित पर्याय म्हणून वावरतो. कोकणातील साहित्याविषयीच्या समीक्षेतही तो निःशंकपणे येतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी पाऊस नाही. अरबीतील ‘वसम’ म्हणजे खूण करणे. त्यावरून ‘मौसिम’ म्हणजे नेमलेला काळ, यात्रेचा, जत्रेचा, आणि खलाशांच्या तोंडी गलबते हाकारण्याचा. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोंसांव’ केले व सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराची बाडे गोव्याच्या पुराभिलेखागारात याच नावाने लावलेली आहेत. तेथे ‘पावसाळा’ असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. जहाजांच्या ये-जा करण्याचा हंगाम, इतकाच तेथील अर्थ. पुढे इंग्रजीत हंगामाचा वारा झाला आणि वाऱ्याचा पाऊस.

तोच अरबी शब्द मराठीत ‘मोसम’ होऊन वेगळ्या वाटेने आलेला आहे. एकाच घराण्यातील ही दोन भावंडे मराठीत नांदतात, परंतु त्यांची ओळख उरलेली नाही. देवगडला आंब्याचा मोसम संपतो तेव्हा मान्सून येतो! मालवणच्या किनाऱ्यावर हा विरोध अधिक तीव्र होतो. पाऊस लागला की होड्या वर ओढल्या जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक थांबते. मुंबईहून आगबोटी येत असत तेव्हा त्याही या दिवसांत बंद राहत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, आणि खलाशाचा मूळ ‘मौसिम’ खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

अशा प्रदेशाच्या कथा-कवितेतील पावसाला ‘मान्सूनची प्रतिमा’ ठरवून सृजन-सुफलनाच्या चौकटीत बसविणे ही घाटावरची, किंबहुना हवामान खात्याची नजर होय. भातशेती करणाऱ्या कोकण्याला ती परकी नाही, हे मान्य करावे लागते. पण गाबीत वस्तीतील पाऊस हा आधी अटकावाचा आणि बेगमीचा काळ असतो. किनाऱ्यावरच्या बोलीत त्यासाठी ‘आगोट’ हा नेमका शब्द आहे. पावसाच्या तोंडावर घरात भरून ठेवायच्या जिनसांपर्यंत त्याचा अर्थ पोचतो. इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘मान्सून’ केले, की हे बंद झालेले बंदर अर्थातून गळून पडते. गंमत अशी, की बंदराशी असलेले हेच नाते त्या इंग्रजी शब्दाच्या पूर्वजाने एकेकाळी मुख्यार्थ म्हणून वाहिले होते.