वाळू, विहीर आणि शीव

विल्फ्रेड थेसिजर यांचा ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) हा ग्रंथ प्रवासवर्णन म्हणून वाखाणला गेला. त्याचे खरे मोल मात्र सीमेच्या इतिहासात आहे. १९४६ ते १९४८ या काळात बेदुइनांच्या सोबतीने लेखकाने रुब अल्-खाली दोनदा ओलांडले. तेथे सत्ता नकाशावर नव्हती. कोणत्या टोळीचे उंट कोणत्या विहिरीवर पाणी पिणार, यावरून ती ओळखली जाई. पण रेषा नसली तरी धनी होता: दुसऱ्या सफरीत इब्न सौदच्या आज्ञेने सुलय्यिल येथे लेखकाला अटक झाली. पुढे १९५२ साली तेलाच्या आशेने बुरैमीचा तंटा पेटला.

अनुवादकाने येथे कोणता शब्द योजावा? ‘सरहद्द’ म्हटले की चौकी-पहारा डोळ्यांपुढे येतो. ‘शीव’ अधिक जवळचा, कारण ती वहिवाटीने ठरते. परंतु शिवेला गाव लागतो, आणि येथे गावच चालता आहे.

आपल्या नकाशांनी परक्यांची वाट सोपी केली, अशी खंत लेखक व्यक्त करतो. पण खंत म्हणजे मीमांसा नव्हे. नवे जग स्वीकारावे की नाकारावे, हे ठरविण्याचा अधिकार बिन कबिनासारख्या सोबत्याचाही आहे, हा विचार त्या शोकात बुडून जातो. ग्रंथाची मर्यादा तीच.