मॅनपाथ : पुस्तक बरोबर, कपाट चुकीचे

युनिक्स घराण्यातील संगणक-प्रणालींची एक थोरवी अशी, की त्यांची माहितीपुस्तिका यंत्रातच सापडते. 'मॅन' असे टाइप करून पुढे हव्या त्या आज्ञेचे नाव दिले की तिचे पान पडद्यावर हजर होते. या परंपरेतल्या पहिल्या छापील पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. लेखक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची. पानाची मांडणीही तेव्हापासूनची : नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली आणि शेवटी 'बग्ज', म्हणजे आज्ञेतील ज्ञात दोष. स्वतःचे दोष स्वतःच छापणारी पाठ्यपुस्तके आपण किती पाहिली आहेत? या प्रामाणिकपणाबद्दल मला मॅन पानांविषयी आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या एका उणिवेबद्दल लिहावेसे वाटते. ती उणीव पानांत नाही, पाने शोधण्याच्या पद्धतीत आहे.

ही पाने एकाच ठिकाणी नसतात. प्रणालीसोबत आलेली पाने एका डिरेक्टरीत, नंतर बसवलेल्या प्रोग्रॅमची दुसरीत, आणि एखाद्याने स्वतःच्या घर-डिरेक्टरीत काही बसवले तर त्याची तिसरीत. 'मॅन' ही कपाटे एका ठरावीक क्रमाने धुंडाळते आणि जिथे पहिले पान सापडेल तिथेच थांबते. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत हे काम 'मॅन-डीबी' हा प्रोग्रॅम करतो. त्याची रीत चतुर आहे. आज्ञा शोधण्यासाठी संगणकाकडे 'पाथ' नावाची डिरेक्टऱ्यांची यादी असतेच. मॅन-डीबी तीच यादी वाचतो आणि प्रत्येक डिरेक्टरीशी जोडलेले पानांचे कपाट ठरवतो : काही जोड्या त्याच्या मांडणी-फाईलमध्ये लिहिलेल्या असतात, बाकीच्यांसाठी तो शेजारी 'मॅन' नावाची डिरेक्टरी आहे का ते पाहतो. त्यामुळे जी आज्ञा आधी सापडते, तिचेच पान आधी सापडावे अशी साधारण व्यवस्था होते.

ही व्यवस्था मोडते ती 'मॅनपाथ' या चलामुळे. वापरणाऱ्याने या चलात स्वतःची यादी भरली, की मॅन-डीबी ती प्रमाण मानतो आणि स्वतः काढलेली यादी बाजूला ठेवतो. आता आज्ञांची यादी एक आणि पानांची यादी दुसरी. दोन्ही जुळल्याच पाहिजेत असे कुठेही बंधन नाही.

याचा फटका मला बसला आहे. आमच्या प्रयोगशाळेत आकडेमोडीच्या एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मी माझ्या डिरेक्टरीत बसवली होती. चालत होती ती नवीच. पण पूर्वी कोणीतरी सुरुवातीच्या फाईलमध्ये मॅनपाथ पक्का करून ठेवला होता, त्यामुळे पडद्यावर पान येत होते जुन्या आवृत्तीचे. एका पर्यायाचा अर्थ दोन आवृत्त्यांमध्ये बदललेला होता. दोन दिवस मी आलेखातील चूक उपकरणात शोधत राहिलो. अखेर एका विद्यार्थ्याने पानाच्या तळाची तारीख दाखवली आणि डोक्यात प्रकाश पडला. पान खोटे नव्हते. ते दुसऱ्याच प्रोग्रॅमबद्दल खरे बोलत होते.

माझी पहिली तक्रार इथेच आहे : 'मॅन' पान दाखवते, पण ते कोणत्या कपाटातून काढले हे आपणहून सांगत नाही. 'मॅनपाथ' याच नावाची वेगळी आज्ञा दिली, तर चल भरलेला असल्यामुळे मांडणी-फाईल दुर्लक्षिली जात आहे असा इशारा मिळतो. 'मॅन' मात्र गप्प राहते. म्हणजे इशारा मिळतो तो आधीच शंका आलेल्याला. ज्याला शंकाच आली नाही तो अंधारात.

दुसरी तक्रार अपूर्णविरामाची. मॅनपाथमधील डिरेक्टऱ्या अपूर्णविरामाने वेगळ्या करतात. यादीच्या शेवटी एक जादा अपूर्णविराम दिला, तर तुमच्या यादीमागे नेहमीची यादी जोडली जाते. सुरुवातीला दिला तर नेहमीची आधी आणि तुमची नंतर. तो एक ठिपक्यांचा जोड विसरला, की प्रणालीची सारी पाने नाहीशी झाल्यासारखी वाटतात. हा नियम मॅनच्या स्वतःच्या पानांत लिहिलेला आहे खरा; पण चूक झाली असेल तर 'मॅन मॅन' या आज्ञेलाही असे पान नाही हेच उत्तर मिळते! किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार ओढून घ्यावे, तसे हे झाले.

न्यायाने सांगायचे तर स्वतंत्र यादीची सोय निरुपयोगी नाही. एखाद्या संस्थेत पाने एका सामायिक डिस्कवर असतात, आज्ञांच्या शेजारी नसतात. तिथे मॅनपाथ लागतोच. एकाच नावाची निरनिराळी पाने असणेही गैर नाही : 'प्रिंटएफ' ही पहिल्या विभागात आज्ञा आहे, तर तिसऱ्या विभागात सी भाषेतील फंक्शन. माझा आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याला नाही, निवड न दिसण्याला आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याच्या फाईलचा पत्ता छापला, तरी निम्मी अडचण दूर होईल.

ते होईपर्यंत विद्यार्थ्यांना एक सवय लावता येईल. शाळेच्या संगणक-कक्षात लिनक्स असेल तर आधी 'मॅनपाथ' ही आज्ञा देऊन यादी वहीत उतरवून घ्यावी. मग 'मॅन' आणि नाव यांच्या मध्ये उणे चिन्ह व डब्ल्यू हे अक्षर घालावे; पान न उघडता त्याचा पत्ता मिळतो. डब्ल्यूऐवजी ए घातले तर त्या नावाची सर्व पाने एकामागून एक येतात. शेवटी मॅनपाथमध्ये मुद्दाम एकच रिकामी डिरेक्टरी भरून काय होते ते पाहावे. हा बदल चालू खिडकीपुरताच ठेवला तर ती बंद केल्यावर सारे पूर्ववत होते, तेव्हा भीती नाही.

मोजमाप घेताना उपकरणाचा शून्य-दोष आधी तपासा, असे आपण वर्गात सांगतो. माहिती घेतानाही नियम तोच : उत्तर वाचण्याआधी ते कुठून आले ते पाहावे.