पोत आणि प्रतिमा : निसर्गप्रेरित कलागोधडीच्या समीक्षेचा एक निकष
(चेंबूर-माहुल खाडीकाठाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

अंगावर घेण्याऐवजी भिंतीवर लावण्यासाठी शिवलेली गोधडी आज 'आर्ट क्विल्ट' या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'कलागोधडी' हा शब्द योजला आहे. निसर्ग हा या कलाप्रकाराचा आवडता विषय होय. झाडाची साल, पानांच्या शिरा, वाळूवरील लाटा कापडात उमटविण्यासाठी चुण्या, गाठटाके, सुटे धागे ठेवलेल्या कडा, आतून कापूस भरून उठाव दिलेली ठिगळे अशा अनेक युक्त्या केल्या जातात. परिणाम डोळ्यांना सुखावतो. तथापि हा पोत कापडाच्या घडणीतून आलेला असतो की चित्रावर चढविलेला असतो, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. महाराष्ट्रातील गोधडी हा प्रश्न विचारण्यासाठी एक भक्कम निकष पुरविते, असे येथे मांडावयाचे आहे.

गोधडीचा पोत

जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने एकत्र बांधणे, हे गोधडीचे मूळ तंत्र. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, तर कर्नाटकाच्या बाजूस कौदी. अनेक गोधड्यांत टाक्यांच्या ओळी कडेपासून सुरू होऊन चौकटीत चौकट करीत मध्याकडे जातात. दोरा ओढला की कापड किंचित आक्रसते आणि दोन ओळींमधील भाग फुगून वर येतो. धुण्याने व वापराने ही वळी अधिक ठळक होते. थरांमध्ये हवा अडकून राहते व तीच ऊब देते. म्हणजे येथे पोत कोणी 'काढलेला' नसतो. दोऱ्याचा ताण, झिजलेले कापड आणि गरज यांतून तो घडतो. गीता खंडेलवाल यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने महाराष्ट्रातील गोधड्यांची स्वतंत्र दखल घेतली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

भिंतीवर गेलेली गोधडी

गोधडी भिंतीवर गेली की काय मिळते व काय हरवते, याचा धडा अमेरिकेतील दोन प्रदर्शनांवरून घेता येतो. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे मांडण्यात आल्या. त्यामुळे गोधडीला कलेची प्रतिष्ठा मिळाली. परंतु ती शिवणाऱ्या स्त्रिया बहुतांशी अनामिक राहिल्या. १९७३ साली पॅट्रिशिया मायनार्डी यांनी आपल्या निबंधात या दृष्टीवर कठोर आक्षेप घेतला. पुढे २००२ साली ह्यूस्टन येथे अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा प्रत्येक गोधडीबरोबर ती शिवणारीचे नाव होते. त्यांतील मिसूरी पेटवे यांची १९४२ ची गोधडी दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली आहे. विटलेला रंग, विरलेले सूत आणि ओबडधोबड पट्ट्या यांत शेतावरील श्रम, ऊन आणि पाऊस थेट उतरले आहेत. या गोधडीत निसर्गाचे एकही चित्र नाही. निसर्गाचा परिणाम मात्र कापडभर आहे. निसर्गप्रेरित म्हणविणाऱ्या कित्येक कलाकृतींपेक्षा ती निसर्गाच्या अधिक जवळ जाते, ती यामुळेच.

माहुलचा चिखल : एक कसोटी

हाच निकष चेंबूरला लावून पाहता येईल. चेंबूरच्या लगत माहुल येथे खाडीकाठचा चिखलपट्टा आहे. तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींप्रमाणे वर येतात. त्याच क्षितिजावर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या आणि धुरांडी आहेत. या स्थळावर कलागोधडी शिवावयाची झाल्यास सोपा मार्ग ठरलेला आहे : निळे रेशीम, त्यावर गुलाबी पक्ष्यांची ठिगळे आणि कडेला हिरवी झाडे. अशी कृती रम्य होईल. पण ती माहुलची राहणार नाही.

दुसरा मार्ग गोधडीच्या तंत्रातून जातो. ओहोटीचे पाणी मागे सरताना चिखलावर बारीक वळ्या सोडते. दोरा ओढताना कापडावर तशाच वळ्या उठतात. दोन्हीकडे पोत ओढीतून जन्मतो. टाके दाट घातले की कापड खाली बसते, विरळ ठेवले की फुगते. म्हणून मुळांभोवती दाट टाके घातल्यास वेगळा कापूस न भरताही ती वर उठून दिसतील. करड्या-तपकिरी छटांसाठी वापरून विटलेले सुती कापड पुरेसे आहे. एखाद्या कामगाराच्या गणवेशाचा तुकडा त्यात आला, तर कारखान्याची धुरांडी वेगळी काढण्याचे कारण उरणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कलावंताने केवळ धावदोरा आणि जुने कापड यांतच अडकून राहावे काय? तसे नव्हे. यंत्राचे टाके, चुण्या, रंगविलेले कापड यांपैकी काहीच त्याज्य नाही. त्या युक्तीवाचून कृतीचा अर्थ उणा होतो काय, एवढेच तपासावयाचे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुले' लावतात आणि त्यांवाचून कवंदी उघडी मानतात. तेथे अलंकारही आवश्यक आहे, कारण त्याला त्या समाजाच्या रीतीत स्थान आहे.

निष्कर्ष

निसर्गप्रेरित कलागोधडीचे मूल्यमापन करताना ती निसर्गासारखी किती दिसते, याहून तिचा पोत कशातून घडला हे पाहणे अधिक फलदायी ठरते. कापड कोणाचे, ते कशाने झिजले, टाके कोणाच्या हातांनी घातले, हे प्रश्न त्या पोताशीच निगडित आहेत. म्हणून प्रदर्शनातील नावपट्टीवर संकल्पना करणाऱ्या कलावंताबरोबरच, टाके दुसऱ्या हातांनी घातलेले असल्यास, त्या शिवणाऱ्या व्यक्तीचेही नाव तिच्या संमतीने असणे आवश्यक आहे. त्यावाचून केलेली पोताची समीक्षा अपुरी राहील.