विठाबाई : नाव कोणाचे?

टेंभुर्णीहून करकंबमार्गे पंढरपूरकडे जाताना वाटेतल्या गावांत जुन्या पिढीतल्या बायकांची नावे ऐकावीत : रुक्मिणी, चंद्रभागा, तुळसा, विठा. पहिली देवी, दुसरी नदी, तिसरी वृंदावनातली. चौथे नाव मात्र अडवते. विठ्ठल तर पुरुषदेव. मग विठा कोण?

‘विटेवर उभा तो विठ्ठल’ ही लोकप्रिय फोड. रा. गो. भांडारकरांनी हे ‘विष्णु’चे कानडी वळण मानले. दोन्हींतून देवाच्या नावाचा माग लागतो, लेकीच्या नावाचा नाही. ‘विठोबाचे स्त्रीलिंगी रूप’ एवढ्यावर थांबणेही मला अपुरे वाटते. ‘विठोबा’तला ‘बा’ म्हणजे बाप. त्याच देवाला वारकरी ‘विठाई’ म्हणतात आणि जनाबाईच्या नावावरच्या अभंगात त्याला सरळ ‘विठाबाई’ अशी हाक आहे. म्हणजे विठाबाई ही देवाची बायको नव्हे, दुसरी कोणी देवीही नव्हे. ती आई म्हणून हाकारलेला खुद्द विठ्ठल.

इटलीतले ‘कोंचेत्ता’ हे भक्तिनाम शेजारी ठेवले की वेगळेपण कळते. शब्दशः अर्थ ‘गर्भात धारण झालेली’. रोख मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाकडे, म्हणजे मरिया स्वतः आईच्या उदरात आली त्या क्षणाकडे. येशूच्या जन्माशी त्याची गल्लत नेहमी होते. सण ८ डिसेंबरचा, तर पोपची अधिकृत घोषणा १८५४ची. पणजीचे पायऱ्यांचे प्रसिद्ध चर्च याच मरियेचे. कोंचेत्ता या नावात मरियेचे नाव कुठेच येत नाही. तिच्याविषयीचा एक सिद्धांत तेवढा येतो. विठाबाईत सिद्धांत नाही, नुसती हाक आहे. आणि ही हाक देवाला मारायची तीच लेकीला, चुलीपाशी, शेताच्या बांधावरून, प्रसंगी रागानेसुद्धा.

नावांच्या पुस्तकात विठा सापडलीच, तर ‘विठ्ठलाशी संबंधित’ अशा नोंदीने हे सारे झाकले जाईल.

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५चा, खुद्द पंढरपुरातला. त्यांच्या कलेवर पुष्कळ लिहिले गेले, नावाकडे मात्र कोणी फारसे थांबत नाही. त्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या जातीला विठ्ठलमंदिराचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७च्या मे महिन्यात. तोवर मंदिरातल्या देवाचे हे आईचे नाव मांगाच्या घरात बारा वर्षे रोज घेतले जात होते.