दुआच्या आधीची ओळ

लहानपणी नसरापूरच्या घरात मगरिबची नमाज झाली की अम्मी आम्हा भावंडांना आई-वडिलांसाठीची दुआ म्हणायला लावायची. अरबीतले जेमतेम पाच शब्द. चालीवर पाठ झाले, अर्थ कुणी विचारला नाही. पुढे मी कोड लिहायला लागलो तेव्हा कळलं, याला कॉपी-पेस्ट म्हणतात. अब्बा गेल्यावर ती दुआ दिवसातून कितीतरी वेळा तोंडात यायला लागली. तेव्हा पहिल्यांदा मी ती तिच्या जागी, म्हणजे कुराणाच्या १७व्या सूरेत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. वाचून ओशाळलो.

कारण ती एकटी येत नाही. आयत २३ आणि २४ सलग वाचा. आधी एकाच ईश्वराची भक्ती करायची आज्ञा, लगेच आई-वडिलांशी चांगलं वागायची. मग अट: दोघांपैकी एक किंवा दोघंही तुझ्याजवळ म्हातारे झाले, तर त्यांना 'उफ'सुद्धा म्हणायचं नाही, झिडकारायचं नाही, आदरानं बोलायचं. मग त्यांच्यापुढे नम्रतेचा पंख खाली करायचा. हे सगळं झाल्यावर, सर्वांत शेवटी, दुआ मागायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर फिरतो तो फक्त हा शेवटचा तुकडा.

या मजकुराची खरी करामत दोन शब्दांत आहे. पहिला 'रहमत'. पंख खाली करायचा तो मुलानं, आणि रहमतीपोटी. पुढच्याच वाक्यात मूल देवाकडे आई-वडिलांसाठी मागतं तीही रहमतच. म्हणजे जे देवाकडे मागायचं, ते आधी स्वतः द्यायचं. दुसरा शब्द 'रब'. देवाला हाक मारायची ती 'रब' म्हणून, आणि आई-वडिलांनी लहानपणी वाढवलं यासाठी जे क्रियापद येतं त्याचा आवाजही तसाच, जवळजवळ जुळा.

मराठीत इथे सहसा 'दया' लिहितात. मला तो शब्द खटकतो. दया वरून खाली येते, दारात उभ्या असलेल्यावर करतात. आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: सांभाळणं. बाळाला सांभाळतात, म्हाताऱ्यांना सांभाळतात, आणि 'देवा, सांभाळ रे' असंही आपणच म्हणतो. तिन्ही टोकं एका क्रियापदात येतात. दुआला नेमकं तेच हवंय.

पंखाचंही तसंच. मराठीत मोठा लहानाला पंखाखाली घेतो. इथे पंख मुलाचे आहेत. मजकुरानं गृहीत धरलंय की आता उंची, ताकद, पैसा मुलाकडे आलाय. म्हणून तर खाली करायला सांगितलंय.

आता शाळेपासून आपण जी आई वाचली ती आठवा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. पुस्तक कितीही वेळा वाचलं तरी मला रडवतं. पण श्यामला आईचं म्हातारपण बघावं लागत नाही. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगणारी, औषध घ्यायला नकार देणारी आई त्या पुस्तकात येऊ शकत नाही. आठवणीतल्या आईवर प्रेम करणं सोपं असतं. कुराणातल्या या दोन आयती घरात असलेल्या, वैताग आणणाऱ्या माणसाबद्दल आहेत. नाहीतर 'उफ'चा उल्लेखच कशाला?

मग आई-वडील गेल्यावर काय? तिथे दुआ हाच आधार असतो, हे खरं. माणूस मेल्यावर त्याच्या खात्यात जमा होत राहणाऱ्या तीन गोष्टी हदीसमध्ये सांगितल्यात, त्यातली एक म्हणजे दुआ मागणारं नेक मूल. पण आणखी एका हदीसमध्ये दुआच्या जोडीला कामंही आहेत: त्यांनी दिलेले शब्द पाळायचे, त्यांच्यामुळे जोडलेली नाती तोडायची नाहीत, त्यांच्या मित्रांचा मान ठेवायचा. इथेही नुसत्या शब्दांवर सुटका नाही.

माझी अडचण 'तुझ्याजवळ' या शब्दाशी आहे. मी हिंजवडीत, अम्मी नसरापूरला. महामार्ग मोकळा असला तर तास-सव्वा तास. अब्बांसाठी मी रोज हात उचलतो आणि त्यात समाधानही मिळतं. अम्मीचा फोन मात्र स्टँडअप मीटिंगमध्ये आला की कापतो. व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "किती वेळा सांगू?" 'उफ'चं मराठी भाषांतर मी असं केलं होतं.

गेल्या शनिवारी चेलाडी फाट्यावर उतरलो. घरी पोचल्यावर तिनं फोन पुढे केला आणि तेच विचारलं. मी शेजारी बसलो, एका कागदावर मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिल्या. तिनं कागद कपाटाच्या दाराला चिकटवला आणि म्हणाली, "तुझे अब्बा असते तर त्यांनाही शिकवलं असतं."

त्या रात्री दुआ जरा सावकाश म्हटली.